या आठवड्यात जालावर काय सापडले? दुवा द्या, पण कारणासह

तलावपाळीकर | रविवार, सकाळी ९.२०

मंडळी,

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या वाचकगटात दर आठवड्याला इतके दुवे येऊन पडतात की त्यांतले निम्मेही कोणी उघडत नसावे, अशी माझी शंका आहे. 'जरूर वाचा', 'अप्रतिम', 'डोळ्यांत अंजन घालणारा लेख' एवढ्या शिफारशीवर मी तरी आता काहीही उघडत नाही. म्हणून एक प्रस्ताव मांडतो. दर रविवारी या धाग्यावर प्रत्येकाने त्या आठवड्यात जालावर वाचलेली, पाहिलेली किंवा ऐकलेली एकच गोष्ट सांगावी. लेख, जुने पुस्तक, चित्रपट, मालिका, ध्वनिमुद्रण, काहीही चालेल. अट एवढीच की ती कोणाला आवडेल, कुठून सुरू करावी आणि कुठे कंटाळा येतो, हे चार वाक्यांत लिहावे. स्वतः न वाचलेले ढकलपत्र येथे टाकू नये.

सुरुवात मी करतो. 'गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी' या मालिकेतील ठाणे जिल्ह्याचा तेरावा खंड (१८८२) इंटरनेट आर्काइव्हवर मोफत वाचता येतो. त्याची इंग्रजी रुक्ष आहे आणि जमीनमहसुलाची प्रकरणे तर केवळ चिवट वाचकांसाठी आहेत. ती खुशाल ओलांडावीत. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांच्यावरील पाने मात्र वाचाच, आणि मग चौदाव्या खंडातील गावांच्या नोंदींकडे वळा. त्या काळच्या ठाणे जिल्ह्यात साष्टीपासून डहाणूपर्यंतचा मुलूख येत होता आणि आज रायगडात असलेला पनवेल तालुकाही तेव्हा ठाण्यातच होता, त्यामुळे नवी मुंबईकरांनाही आपल्या पायाखालची जमीन त्यात सापडेल.

घोडबंदर_रोड | रविवार, सकाळी ९.४१

अट मान्य आहे. मात्र घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना थोडे अधिक दुवे द्यावेत, कारण कापूरबावडीपासून घरी पोहोचेपर्यंत आमचा गॅझेटियरचा एक खंड सहज संपतो, महसुलाच्या प्रकरणांसकट.

अर्धविराम | रविवार, सकाळी १०.१५

हेतू चांगला असला, तरी दर आठवड्याची सक्ती मला पटत नाही. वाचन ही हजेरीपटावर सही करण्याची बाब नव्हे. दर रविवारी काहीतरी मांडायचे ठरले की माणूस शनिवारी रात्री मांडण्याजोगे काहीतरी शोधू लागतो, आणि मग तो लेख आपल्याला किती भावला यापेक्षा त्यामुळे आपण किती जाणकार दिसू, हा हिशेब आधी होतो. शिवाय आठवड्याच्या मापात बसेल तेवढेच या धाग्यावर येईल. मी गेल्या पावसाळ्यापासून एकच जाडजूड चरित्र वाचतो आहे. मी येथे काय लिहावे? 'अजून तेच चालू आहे' असे?

घोडबंदर_रोड | रविवार, सकाळी १०.२२

'अजून तेच चालू आहे' हा अत्यंत प्रामाणिक प्रतिसाद ठरेल. आमच्याकडील रस्त्याच्या कामाबद्दल आम्ही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो आहोत.

निवृत्त_ग्रंथपाल | रविवार, दुपारी १.०५

अर्धविराम यांचा आक्षेप मला समजतो, पण तो वारंवारतेवरचा आक्षेप आहे. तलावपाळीकरांच्या मूळ अटीला त्याने धक्का लागत नाही. माझी बरीच वर्षे ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर गेली. 'काहीतरी चांगले द्या' असे म्हणणाऱ्या वाचकाला मी लगेच पुस्तक काढून देत नसे. 'अलीकडे कोणते पुस्तक अर्धवट टाकलेत?' असे आधी विचारत असे. आवडलेल्या पुस्तकांची नावे बहुतेक जण ठरावीकच सांगतात, कारण ती सांगण्यात प्रतिष्ठा असते. टाकून दिलेल्या पुस्तकावरून मात्र वाचकाचा पिंड कळतो. त्यामुळे 'कुठे कंटाळा येतो ते सांगा' हा भाग मला या प्रस्तावातील सर्वांत उपयोगी भाग वाटतो, आणि तो कोणी गाळू नये.

आता माझी भर. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने जालावर खुला केलेला आहे. १९२० ते १९२७ या काळात त्याचे तेवीस खंड निघाले, आणि त्यासाठी भांडवल उभे करायला केतकरांनी नागपुरात चक्क एक मर्यादित कंपनी काढून तिचे भाग विकले. ज्ञानकोशासाठी समभाग विकत घेणारे लोक या महाराष्ट्रात होते, हे वाचून मी काही काळ पुढे सरकलेच नाही. हा कोश क्रमाने वाचण्याचा प्रयत्न करू नये. आपल्याला माहीत असलेले एखादे पीक, गाव किंवा धंदा घ्यावा, ज्ञानकोशातील नोंद वाचावी आणि मग तीच नोंद मराठी विश्वकोशात शोधावी. विश्वकोशही जालावर आहे आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. मधल्या अर्धशतकात मराठी गद्य किती बदलले, वाक्ये कशी आखूड झाली आणि संपादकाचे मत नोंदीतून कसे मागे सरकले, हे दोन खिडक्या शेजारी उघडल्या की आपोआप दिसते. जातींविषयीचा मजकूर आज खटकतो. तो त्या काळाचा दस्तऐवज म्हणूनच वाचावा.

जाता जाता, ठाणेकरांनी जांभळी नाक्यापलीकडे पाहावे. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयानेही दुर्मिळ पुस्तके स्कॅन करून जालावर आणली आहेत. ज्या वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले, त्यांचा 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा ग्रंथ माहीत नसलेल्या तरुण मंडळींनी निदान त्याची प्रस्तावना तरी चाळावी.

तलावपाळीकर | रविवार, दुपारी १.३०

ताई, समभागांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. वाचनखूण साठवली.

सानपाडा_स्लो | रविवार, रात्री ८.५०

मी या धाग्यावर बहुधा सर्वांत लहान आहे, म्हणून आधी विचारून घेते: वेबटून चालतील का?

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. वेबटून हा कोरियात रुजलेला चित्रकथेचा प्रकार आहे आणि तो मुद्दाम पडद्यासाठी आखलेला असतो. त्याला पाने नसतातच. चित्रे एकाखाली एक येतात आणि आपण ती वर सरकवत जातो. गंमत अशी की दोन चित्रांमधली मोकळी जागा हेच त्यातले विरामचिन्ह असते. एखादे पात्र दार उघडायला हात पुढे करते, मग नुसतीच पांढरी जागा येते, आपण सरकवत राहतो, अजून पांढरेच असते, आणि तोपर्यंत दारामागे काय आहे याची भीती आपणच तयार केलेली असते. छापील पानावर पुढचे चित्र डोळ्यांच्या कडेला आधीच दिसते, त्यामुळे तेथे हे साधत नाही. सकाळी सानपाड्याहून ठाण्याला जाताना माझा एक हात वरच्या कडीला असतो. उरलेल्या हाताच्या अंगठ्याने नीट वाचता येईल असा दुसरा प्रकार मला अजून सापडलेला नाही. पहिले तीन-चार भाग सगळ्यांचे छान असतात. पुढे शंभर भाग झाले की बऱ्याच मालिका पाणी घालून वाढवलेल्या वाटतात, तेथे सोडून द्यावे.

अर्धविराम | सोमवार, सकाळी ७.१०

चित्रे सरकवणे म्हणजे पाहणे झाले. त्याला वाचन म्हणता येणार नाही. मला त्या प्रकाराविषयी तुच्छता नाही, परंतु सगळेच एका पोत्यात भरले की 'या आठवड्यात मी अमुक वाचले' या विधानाला काही अर्थच उरणार नाही.

सेक्टर_सतरा | सोमवार, सकाळी ८.०२

अर्धविराम साहेब, आपल्या पिढीला वाचनाची गोडी कशामुळे लागली, ते आठवा बरे. आमच्या घरी 'किशोर' येत असे आणि अंक हातात पडल्यावर मी आधी चित्रे पाहत असे, मग त्या चित्रात काय चालले आहे हे कळावे म्हणून गोष्ट वाचत असे. तेव्हा कोणी मला 'हे पाहणे झाले' असे म्हणून अडवले नाही.

यावरून माझी भर सांगतो. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'किशोर'चे जुने अंक आता तिच्याच संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ज्यांच्या घरात आठ ते चौदा वर्षांची मुले आहेत आणि ती इंग्रजी शाळेत जातात, त्यांना हे विशेष उपयोगी पडेल. सुरुवात संपादकीयापासून करू नका. मुलांना थेट कोडी आणि गोष्टी दाखवा. माझ्या मुलीने कोडी सोडवली, पण जुन्या अंकांतले जोडाक्षरांनी भरलेले शास्त्रविषयक लेख तिने ओलांडले. ते तिच्या बाबाने वाचले.

सानपाडा_स्लो | सोमवार, सकाळी ८.२०

सेक्टर सतरा काका, आपले आभार. कडी सोडून दोन्ही हातांनी नमस्कार.

कोपरखैरणेकर | सोमवार, रात्री १०.४५

हे सारे आधी आपोआप होत असे, याची आठवण करून देतो. आवडत्या संकेतस्थळांचे आरएसएस फीड, म्हणजे नव्या लेखांच्या आपोआप येणाऱ्या याद्या, एका ठिकाणी जमवायचे, सकाळी चहाबरोबर नवे लेख चाळायचे आणि त्यांतला एखादा मित्रांना पाठवायचा. असे फीड वाचण्याचे साधन असलेले गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले आणि ही सवय बहुतेकांनी सोडली. फीड अजूनही जिवंत आहेत, वाचक-अ‍ॅपही आहेत, पण एकदा मोडलेली घडी पुन्हा बसली नाही. आता आपल्यापुढे काय यावे हे यंत्र ठरवते आणि आपण त्याला 'सापडले' म्हणतो. माझी पहिली शिफारस म्हणूनच एखाद्या लेखाची नाही, तर एक फीडवाचक बसवून घेण्याची आहे.

दुसरा मुद्दा अधिक व्यावहारिक आहे. नुसता दुवा टिकत नाही. युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी संगणकीय पद्धत रुळण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रे आपापले फाँट वापरत असत. त्या काळातील पाने आज उघडली तर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ल्यामुळे खुद्द इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद पडले होते. तेव्हा येथे दुवा देताना शीर्षक, लेखकाचे नाव आणि तारीखही लिहावी, म्हणजे दुवा मेला तरी लेख शोधता येईल. जमल्यास ते पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्हच्या पाने जपणाऱ्या सोयीत, साठवून ठेवावे. पत्ता चिकटवून एक बटण दाबायचे, एवढेच काम असते.

खोपटकर | मंगळवार, सकाळी ९.३०

इतके कष्ट कशाला? माझ्याकडे यंदाच्या बऱ्याच दिवाळी अंकांच्या पीडीएफ आल्या आहेत. सगळ्या येथे टाकू का? महिनाभराची सोय होईल.

अंकवाला | मंगळवार, सकाळी ११.१०

खोपटकर, कृपया टाकू नका.

मी एका लहान दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा व्यवहार जाहिराती आणि विक्री या दोन पायांवर उभा आहे. मोठ्या अंकांना जाहिराती मिळतात. आमच्यासारख्यांची मदार ग्रंथालये आणि स्टॉल यांच्यावर असते. अंक स्टॉलवर येऊन आठवडा होत नाही तोच त्याची पीडीएफ गटागटांतून फिरू लागते, आणि गंमत म्हणजे ती मलाही 'जरूर वाचा' अशा शिफारशीसह येते. त्यात मी तपासलेले अनुस्वारही शाबूत असतात. अंक विकत घेऊन त्यातील एका कथेविषयी येथे चार वाक्ये लिहा. त्याने अंकाचे भले होईल. पूर्ण अंक वाटून ते होणार नाही.

खोपटकर | मंगळवार, सकाळी ११.४०

ठीक आहे, टाकत नाही. पण मग वर दिलेली गॅझेटियरे आणि ज्ञानकोश कसे चालतात? तीही पुस्तकेच आहेत ना?

निवृत्त_ग्रंथपाल | मंगळवार, दुपारी ३.००

प्रश्न रास्त आहे. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) टिकतो, आणि ही साठ वर्षे निधनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. केतकर १९३७ मध्ये गेले. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क १९९१ अखेर संपणार होते, त्यावर बरीच चर्चा झाली आणि मुदत साठ वर्षांवर नेण्यात आली. चित्रपटांच्या बाबतीत साठ वर्षे प्रदर्शनापासून मोजतात. शिवाय संस्थेने किंवा हक्कदाराने स्वतःहून खुले केलेले साहित्य असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच पुस्तके अशीच मोफत उतरवून घेण्यासाठी ठेवली आहेत. एवढा ऐवज आधी संपवू या, मग चोरीचा विचार करू.

ऐरोलीची_आजी | बुधवार, सायंकाळी ५.१५

नातवाने मला हा धागा दाखवला. वेबटून मला जमणार नाही, परंतु मी जे ऐकते ते सांगते.

'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता त्या थोड्याथोड्या करून ध्वनिमुद्रण, चित्रफीत आणि अर्थ यांच्यासह ऐकायला मिळतात. मला सर्वांत आवडते ती प्रत्येक ओवीखालची नोंद. त्यात गाणारीचे नाव असते, गाव, तालुका, जिल्हा, तिचा व्यवसाय, मुले किती, आणि ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेला झाले तेही असते. आमच्या आयांनी, आज्यांनी पहाटे जे गाइले त्याखाली कोणी कधी त्यांचे नाव लिहिले नव्हते.

माहेरावरच्या ओव्यांपासून सुरुवात करावी. एका बैठकीत खूप ऐकू नयेत; चाल तीच राहते आणि मन लागेनासे होते. डाळ निवडताना किंवा भाजी चिरताना पाच-सहा ऐकाव्यात.

अर्धविराम | बुधवार, रात्री ९.००

आजी, आपली शिफारस मी आज संध्याकाळी पाळली. डाळ नव्हती, पण मेथी होती. एक सूचना करतो: अर्थ आधी वाचू नये. दुसऱ्या ओळीचा यमकाकडे जाणारा झोका कानाने पकडावा, न कळलेला शब्द तसाच राहू द्यावा आणि मग खाली पाहावे. या ओव्या डोळ्यांनी वाचल्या तर त्यांचा निम्मा जीव जातो.

घोडबंदर_रोड | बुधवार, रात्री ९.०४

म्हणजे ऐकणे चालते, पाहणे चालत नाही, असे इतिवृत्तात नोंदवू का?

अर्धविराम | बुधवार, रात्री ९.३२

नोंदवा. आणि त्याखाली असेही नोंदवा की सानपाडा स्लो यांचे पांढऱ्या जागेवरचे निरीक्षण मला आवडले, वेबटून मात्र अजून उघडलेले नाही.

तलावपाळीकर | गुरुवार, सकाळी ७.४५

चर्चेनंतर प्रस्तावात दोन बदल करतो. दर आठवड्याला लिहिण्याचे बंधन कोणावर नाही. ज्यांचे 'तेच चालू आहे' त्यांनी त्याच ग्रंथाचे एखादे नवे प्रकरण सांगितले तरी चालेल. आणि कोपरखैरणेकरांच्या सूचनेप्रमाणे शीर्षक, लेखक व तारीख दिल्याशिवाय दुवा देऊ नये. वाचन कशाला म्हणावे, हा वाद हवा असल्यास तलावपाळीवर भेळ खाताना घालू.

सानपाडा_स्लो | शुक्रवार, रात्री ११.२०

रविवारची वाट न पाहता लिहिते आहे. ग्रंथपाल मावशींनी प्रताधिकाराचे गणित मांडले, तेव्हा मी चित्रपटांकडे वळले आणि प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल) पाहिला. घरी सगळ्यांच्या तोंडी याचे नाव असते, पण माझ्या मैत्रिणींपैकी कोणीही तो पाहिलेला नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली होती, त्यामुळे मी फार भव्य काहीतरी अपेक्षिले होते. प्रत्यक्षात मला त्यातली घरातली भांडणे सर्वांत खरी वाटली. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम शांतपणे गात असतात आणि घरात दाणा नाही हे फक्त बायकोला दिसत असते. चमत्कारांच्या प्रसंगांत मला कंटाळा आला. 'आधी बीज एकले' हा अभंग तेवढा मी पुन्हा लावून ऐकला. गाथेत तो कोणत्या क्रमांकाचा आहे, हे कोणी सांगेल का?

अंकवाला | शनिवार, सकाळी ८.१०

तो गाथेत सापडणार नाही. ती शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी केलेली रचना आहे आणि संगीत केशवराव भोळे यांचे आहे. भाषा आणि घाट इतके हुबेहूब साधले आहेत की भलेभले लोक तो तुकोबांचाच समजून गाथा चाळत बसले. तेव्हा आपण चांगल्या पंगतीत आहात.

ऐरोलीची_आजी | शनिवार, सकाळी ११.००

बाळ, चमत्कार आवडले नाहीत तरी हरकत नाही, पण मूल आजारी असताना जिजाई हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते आणि विठोबाला जाब विचारते, तो प्रसंग पुन्हा पाहा. मैत्रिणींना दाखवायचे असेल तर तिथूनच सुरुवात कर. त्या बाईचे बोलणे ऐकून त्या उरलेला चित्रपट आपणहून पाहतील.